सिनिक सर आणि गेटवरचा कुत्रा

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले श्यामसुंदर सर वारज्याच्या एका सोसायटीत एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. त्यांना कुणाचंच काही पटायचं नाही. पाठीमागे लोक त्यांना सिनिक म्हणायचे. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

गेटवरच्या भटक्या कुत्र्याला हाकलायची मागणी सभेत आली, तेव्हा सर उठले. "सिनिक शब्दाचा मूळ अर्थच कुत्र्यासारखा! ग्रीसमधले काही तत्त्वज्ञ रस्त्यावर राहायचे, कुणाची भीडभाड ठेवायचे नाहीत. लोक त्यांना कुत्रे म्हणायचे, त्यांनी तेच नाव मिरवलं. आपल्या गेटवर तत्त्वज्ञ बसलाय, जरा मान ठेवा. तो चावत नाही."

सभा हसली आणि कुत्रा राहिला.

पुढच्याच आठवड्यात तो चावला. सरांनाच, पोटरीला.

आता हे सांगणार कुणाला? सरांनी जखम धुतली, हळद दाबली आणि गप्प बसले. इंजेक्शन घ्यावं तर बायकोला, हेमाताईंना कळणार, आणि त्यांना कळलं की सोसायटीला. पण भीती अब्रू बघत नाही. कुत्रा पिसाळलेला असला तर माणूस पाण्याला भितो, हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. सर उठता-बसता पाण्याचं भांडं तोंडाला लावायचे. घोट खाली उतरला की जीव भांड्यात पडायचा, तो पुढच्या घोटापर्यंत.

"एवढी तहान कसली लागते तुम्हाला?" हेमाताईंनी विचारलं.

"उकडतंय," सर म्हणाले. बाहेर डिसेंबर होता.

चार-पाच दिवसांनी वॉचमन नागोराव दारात आला. "साहेब, तुमचा तत्त्वज्ञ मेला. कालपासून फेस येत होता तोंडाला."

सरांचा हात पोटरीकडे गेला. शाळेला निघालेली नात स्पृहा मागे उभी होती. ती रडायला लागली. "मी रोज त्याला हातानं बिस्किट द्यायचे."

"तुला चावला?"

"नाही. परवा नुसता दात लागला." तिनं तळहात पुढे केला. लाल ओरखडा होता. "मी नाही घाबरले आजोबा. तुम्हीच म्हणालात ना, तो चावत नाही."

सरांनी तिला उचललं आणि हेमाताईंना हाका मारत रिक्षा गाठली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला. "आधी कुणाला चावला होता का तो?"

"मला," सर म्हणाले. "मागच्या आठवड्यात."

बाई लिहायच्या थांबल्या. हेमाताईंनी नातीला सरांच्या मांडीवरून उचलून घेतलं.