सिमेंटचा डोंगर आणि मागची बारी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका मराठी दैनिकाच्या सुरत कचेरीत उपसंपादक होते. शहराबाहेरच्या एका जलउद्यानाची पुरवणी निघाली आणि तिच्यासाठी ‘हे तुम्हाला माहीत आहे का?’ अशी चौकट लिहायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर उद्यानाच्या माहितीपत्रकावरून घ्यायचा होता. लाटांचा तलाव किती लांब, घसरगुंड्या किती, एका वेळी जेवायला किती माणसं बसतात. चौकट वेळेत गेली. त्यात चुकीचं काही नव्हतं. मला त्या उद्यानाबद्दल जे माहीत होतं, तेही त्यात नव्हतं.

उद्यान ओलपाडच्या बाजूला, उसाच्या शेतांत होतं. राहायच्या खोल्या, तलाव, घसरगुंड्या आणि मधोमध सिमेंटचा डोंगर. बांधकामापासून माझे वडील तिथे होते. धुळ्याकडून ते यंत्रमागावर काम करायला सुरतेत आले. मागाच्या आवाजानं एक कान गेला, तेव्हा गवंडीकामाकडे वळले. उद्यान सुरू झाल्यावर डागडुजीसाठी त्यांना ठेवून घेतलं. आम्ही नवागामला राहायचो. सायकलीवरून त्यांना तासाभराहून जास्त वेळ लागायचा.

प्रवेशाजवळ पाच नारळ होते. त्यांतला एक सिमेंटचा होता, टाकीचा नळ झाकण्यासाठी केलेला. झावळ्या पत्र्याच्या होत्या. त्या उन्हानं तापत, म्हणून त्या एका झाडावर कावळा बसत नसे. पाहुण्यांच्या ते कधी लक्षात आलं नाही.

आत एक नकली बर्फाची गुहा होती. तिच्यातली चमक म्हणजे जरीच्या कारखान्यांतून झाडून आणलेला चुरा. ओल्या रंगावर ती सुपानं उधळली होती. गुहेतून बाहेर पडणाऱ्यांच्या केसांत तिचे कण राहायचे. वडिलांच्या टोपीतही असायचे. आई ती टोपी दाराबाहेर झटकायची आणि म्हणायची, “जरी आमले कधी साडीवर भेटनी नही, टोपीवर भेटनी.”

पोहण्यासाठी भाड्यानं मिळणारे कपडे छपाईत बिघडलेल्या साड्यांच्या ताग्यांचे होते. मोठमोठे शेठ अर्ध्या वेलीच्या, रंग फुटलेल्या चड्ड्या घालून पाण्यात उतरत. कधी कधी दोन अनोळखी कुटुंबांच्या अंगावर एकच वेल असायची, आणि फोटोत ती एकाच घरातली दिसायची.

लाटा सुरू होण्याआधी भोंगा वाजायचा. तो शहरातल्या एका बंद पडलेल्या गिरणीतून भंगारात घेतलेला होता. पाहुणे तो ऐकून पाण्याकडे धावत. आमच्या वस्तीतला कुणी तिथे कामाला लागला, की पहिले काही दिवस भोंग्यासरशी, पाळी सुटली समजून, चपला शोधू लागे.

डोंगर आतून पोकळ होता. पोटात धबधब्याचा पंप होता, आणि थंडावा असल्यामुळे कामगार तिथेच जेवत. भिंतीतून बाहेर आलेल्या सळ्या वाकवून त्यांनी डबे अडकवायला खुंट्या केल्या होत्या. वरून पाणी पडायचं, समोर लोक फोटो काढायचे, आणि आत माझे वडील भाकरी खायचे.

या डोंगराबद्दलची एक गोष्ट मालकांनाही माहीत नव्हती. नकाशात फक्त उंची दिली होती. आकाराबद्दल सुपरवायझर एवढंच म्हणाला होता की कुदरती लागवुं जोईए, खरा वाटला पाहिजे. वडिलांनी कुठला डोंगर ते विचारलं, तर तो हसला. मग वडिलांना नीट आठवणारा एकच डोंगर होता, तो त्यांनी केला. त्यांचं स्वतःचं गाव सपाट होतं, काळ्या रानातलं. डोंगर होता तो आईच्या माहेरचा, नवापूरच्या बाजूचा. त्याचा एक खांदा तुटलेला आणि माथ्याला खाच.

त्या संध्याकाळी ते जेवताना म्हणाले, “तुन्हा माहेरना डोंगर करी टाका.”

आई म्हणाली, “डोंगर काय पोळपाट शे, करी टाकाले?”

पण तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली नाही. थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

तिचं माहेर उरलं नव्हतं. लग्नानंतर थोड्याच काळात उकाई धरणाचं पाणी मागे चढत आलं आणि गाव त्याखाली गेलं. माणसं निरनिराळ्या ठिकाणी वसवली गेली. डोंगराचा माथा पाण्याबाहेर राहिला, असं कुणीतरी सांगितलं होतं. तो पाहायला आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. आई माहेराविषयी फारसं बोलत नसे. दिवाळीला शेजारणी माहेरी निघाल्या की ती घर सारवायला काढायची, गरज असो नसो.

उद्यानात तिकीट काढून जावं, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. पण उन्हाळा संपताना एक दिवस असा असायचा, की उद्यान तिकिटाच्या पाहुण्यांसाठी बंद ठेवून मालकांच्या ओळखीच्यांना आणि कामगारांच्या घरच्यांना आत सोडत. पहिल्या वर्षी आई आजारी होती. दुसऱ्या वर्षी भावकीत लग्न होतं. तिसऱ्या वर्षी वडील बातमी घेऊन आले: पावसाळ्याच्या सुट्टीत डोंगरावर राक्षसाचं तोंड बसवणार आहेत. धबधबा तोंडातून पडणार. खांदा, खाच, सगळं त्याखाली जाणार.

“मंग यंदा जासूत,” आई म्हणाली.

त्या दिवशी माझी कॉलेजची परीक्षा होती. आई वस्तीतल्या सात-आठ बायकांबरोबर टेम्पोतून सकाळीच निघाली. वडील पहाटेच गेले होते. ठरलं होतं ते असं, की दहा वाजता ते डोंगरापुढे उभे राहतील आणि ती तिथे येईल.

पेपर संपवून मी दोन बस बदलून पोचले, तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. फाटकाबाहेर लिंबाखाली आई आणि सगळ्या बायका चवाळं टाकून बसल्या होत्या. डबे उघडले होते. कुणी घाईत नव्हतं.

मी विचारलं, “आत गेला नाहीत?”

“आपली बारी मागली शे,” आई म्हणाली. “फाटकवरना माणूसनी सांगं. आधी दुसरा लोके जातीन.”

“काय म्हणाला तो, नेमकं सांग.”

तिनं तसंच्या तसं सांगितलं, गुजराती सुरासकट: “स्टाफवाळा पाछळनी बारीए आवजो.”

गुजरातीत बारी म्हणजे खिडकी. मागच्या खिडकीवर या, असं तो सांगत होता. कामगारांच्या घरच्यांचे पास तिथे मिळत होते. आईला सुरतेत वीसएक वर्षं झाली होती. भाजीवालीशी ती गुजरातीत हुज्जत घालायची. पण आमच्याकडे खिडकीला खिडकीच म्हणत आणि बारी म्हणजे पाळी. नळावरची, दळणाची, रेशनची. सुरतेतल्या आमच्या वस्तीत दिवसभरात सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द बहुधा हाच असेल. मागली बारी म्हटल्यावर या बायकांना जे करायचं पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं, ते त्यांनी केलं. सावली बघितली आणि बसल्या.

मी भिंतीला वळसा घालून मागे गेले. खिडकी बंद होती. शेजारी स्टुलावर कारकून चहा पीत होता.

“बेन, बे कलाक बारी खुल्ली हती,” तो म्हणाला. “बूम पाडी पाडीने थाक्या. तमारामांथी कोई आव्युं ज नहीं.” दोन तास हाका मारूनही आमच्यातलं कुणी खिडकीवर फिरकलं नव्हतं. पासाचं पुस्तक वरच्या साहेबांकडे गेलं होतं आणि साहेब जेवायला. वडिलांना आत निरोप पाठवायला मात्र तो तयार झाला.

मी परत येऊन सांगितलं. मग आईची एक मैत्रीण, वस्तीत जिला सगळे आक्का म्हणायचे, डब्याचं झाकण लावत म्हणाली, “आनि हाई म्हने, मी सुरतवाली. मन्हा मागे चाला, माले गुजराती येस.”

“येसच ना,” आई म्हणाली. “भाजीनी येस. खिडकीनी नही येत.”

बायका हसल्या. आईसुद्धा हसली. मग ती उठली आणि उगीचच लुगड्यावरची माती झटकू लागली.

वडील बाहेर आले. इस्त्रीचा सदरा घातलेला होता. एरवी कामावर ते बनियनमध्ये असत.

“मी दहा वाजापासून उभा शे,” ते म्हणाले.

“माले वाटनं, आपली बारी मागे शे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगितलं. ते रागावले नाहीत. आत जाऊन कुणाकुणाला विचारून आले. साहेब चारला येणार होते. टेम्पो तीनला निघणार होता, कारण टेम्पोवाल्याला संध्याकाळी दुसरं भाडं होतं. इतक्यात आत भोंगा झाला आणि लिंबाखालच्या दोघी-तिघी सवयीनं उठून उभ्या राहिल्या.

“बसा व माय,” आक्का म्हणाली, “पाळी सुटनी नही अजून.”

वडील आईला म्हणाले, “चाल. मागून दिसस. पन मागून काही नही करेल.”

उद्यानामागून कालवा जात होता. त्याच्या बांधावरून आम्ही तिघं गेलो. भिंत तिथे ठेंगणी होती आणि तिच्यावरून डोंगर पूर्ण दिसत होता. ही बाजू पाहुण्यांना दिसत नसल्यामुळे तिला गिलावा नव्हता. उघड्या विटा, जाळी, जागोजाग लटकलेली सिमेंटची रिकामी पोती. फक्त वरची कड तेवढी खरी होती. वडील मागे थांबले. अर्धं काम दाखवावं लागत असलेल्या कारागिरासारखे त्यांनी हात पाठीशी बांधले होते.

आईनं डोळ्यांवर हात धरून ती कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. नंतर म्हणाली, “आठूनच.”

“काय आठून?” इथून काय, ते वडिलांना नीट ऐकू आलं नव्हतं. ते चांगल्या कानाच्या बाजूनं पुढे आले.

“आम्ही आठूनच देखूत. खाच डावा हातले. तुम्ही मोटरना रस्तावरून देखेल शे, तठून उजवा हातले दिसस.”

वडील तिच्या गावी दोनदा गेले होते, मुलगी बघायला आणि लग्नाला. दोन्ही वेळा मोटारीच्या रस्त्यानं. डोंगराची त्यांना माहीत असलेली बाजू जावयाची होती, आणि तीच त्यांनी पाहुण्यांसाठी गिलावा करून, रंग देऊन सजवली होती. तिच्या अंगणातून दिसायची ती बाजू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ती त्यांच्या हातून न ठरवता, पाठीमागून, विटांत झाली होती.

तिनं हातानं दाखवायला सुरुवात केली. शाळा तिकडे. खळं इकडे. म्हशी त्या वाटेनं चढायच्या. तिचा हात उसावरून फिरत होता, आणि तिच्या पाठीशी कालवा होता. त्यातलं पाणी त्याच धरणातून खाली येत होतं. हे मला तेव्हा माहीत होतं. तिलाही बहुधा माहीत होतं.

“विहीर कठे व्हती?” वडिलांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

तिनं कालव्याच्या पलीकडे बोट केलं.

“आनि घर?”

आई डोंगराकडे बघून थोडी डावीकडे सरकली, मग एक पाऊल मागे आली. पुन्हा खाचेकडे बघितलं.

“तुम्ही उभा शेत ना,” ती म्हणाली, “तठेच. चूल व्हती तठे.”

वडील पटकन दोन पावलं बाजूला झाले. मग आम्ही तिघंही बांधाच्या कडेला, ती जागा मोकळी सोडून, टेम्पोचा हॉर्न वाजेपर्यंत उभे राहिलो.