एकुलत्या एकीची बहीण

मला कोड आहे. ओठाच्या कडेला, दोन्ही हातांच्या बोटांवर आणि आता थोडं मानेवरही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे लोक आधी ते बघतात आणि मगच माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरवतात.

मला बघायला दोनदा पाहुणे आले. दुसऱ्यांनी तर माझ्या हातचा चहा तसाच ठेवला. हे कुणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी बाबांना समजावलं होतं. पण डॉक्टरांना कुठं पोरगी उजवायची होती!

मग धाकटीची वेळ आली. भूकंपानंतर वसलेलं आमचं सास्तूर सरळ गल्ल्यांचं, या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचं माणूस दिसतं. पाहुणे यायच्या दिवशी बाबा सकाळीच म्हणायचे, "अक्का, तू मावशीकडं जाऊन ये." मी तोंडाला स्टोल गुंडाळून लोहाऱ्याची पहिली जीप धरायची. थोरली बिनलग्नाची का, हा प्रश्नच निघायला नको. मला राग यायचा, तरी मी जायचे. धाकटीचं तरी जमावं असं मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या खेपेला जमलं. संध्याकाळी परत आले तर आई पेढा घेऊन पुढं आली आणि मधेच थांबली. भावंडं किती, असं पाहुण्यांनी विचारलं होतं. बाबांनी सांगितलं होतं, एकुलती एक.

"बोलावं लागलं, बाई," बाबा म्हणाले. "तिच्यासाठी."

एरवी सोयरीक मोडायला गावाला जीभ फुटते. या वेळी गावानंही ती आवरली.

मी शिलाई मशीनवर पोट भरते. लग्नातले सगळे ब्लाऊज मीच शिवले आणि अक्षता पडताना मावशीच्या घरी बसून मोबाईलवर व्हिडिओ बघितला. नवरीचा ब्लाऊज पाठीत किंचित ढिला राहिला होता. मला तेवढंच दिसत राहिलं.

धाकटीच्या मोबाईलमध्ये माझा नंबर 'टेलर' म्हणून आहे. सासू जवळ असली की ती विचारते, "झाला का हो माझा ब्लाऊज?" मी "उद्या देते" म्हणून फोन ठेवते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आम्ही दोघी नंतर खूप हसलो होतो. आता हसत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण माहेरी मी होते. तिकडं दवाखाना जवळ आहे, असं आईनंच सुचवलं आणि ते सासरी झालं. मुलगी झाली. मी बारशासाठी झबली-टोपडी शिवायला घेतली.

परवा धाकटीनं 'टेलर'ला फोन लावला, तर सासूनं तिच्या हातून घेतला.

"बाई, तुमी लई जीव लावून शिवता. ऐतवारी बारशाला यायचंच बगा. घरचंच समजा."

इतक्या मायेनं मला कुणी बोलावलं नव्हतं. मी "येते" म्हणून बसले.

पाच मिनिटांनी धाकटीचा मेसेज आला. 'अक्का, येऊ नको. झबली आईसंगं पाठव.'