भिंतीच्या आतलं खातं

मावशीच्या घरात भूत शिरलं ते माझ्यामुळे. मुद्दाम नव्हे. जुन्या बोर्डातल्या दोन्ही वायरी धुळीनं एकाच रंगाच्या झाल्या होत्या, त्यातली जिवंत कोणती हे टेस्टर लावून बघायला हवं होतं. पण टेस्टर आतल्या खोलीत होता आणि चहा बाहेरच्या खोलीत. मी चहा निवडला. तंत्रविद्यालयात पहिला वर्ग मिळालेल्या माणसाला वायरी नुसत्या बघून ओळखता येतात, अशी तेव्हा माझी समजूत होती.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. एकोणतीस वर्षं तिनं कारखान्यात सोल्डरिंग केलं. आधी रेडिओ, मग टीव्ही, शेवटी रिमोट. तिचा टाका मोहरीच्या दाण्याएवढा आणि तितकाच गोल. बरोबरच्या बायका तिलाच 'टेस्टर' म्हणायच्या, कारण कुणाच्याही कामावर तिचा विश्वास नसे. बल्ब दुकानदारासमोर लावून बघायची, आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा, न जाणो वाटेत बिघडला असेल.

काका वायरमन होते. दोघं विजेचीच माणसं, त्यामुळे लग्न झाल्या झाल्या वाटणी झाली. भिंतीच्या आतलं खातं काकांचं, बाहेरचं मावशीचं. मिक्सर बंद पडला की दोघं प्लगपाशी दोन देशांचे अधिकारी सीमेवर उभे राहावेत तसे उभे राहायचे.

"तुमच्या हद्दीत गडबड आहे."

"आधी तुझी हद्द बघ, बाई."

पण तिनं कधी बोर्ड उघडला नाही आणि त्यांनी कधी मिक्सर. दीड वर्षापूर्वी काका गेले. वाटणी तशीच राहिली.

शेवटच्या आजारात त्यांना लिंबाच्या पाण्याशिवाय काही जात नसे. एकदा पेल्यातली बी त्यांनी उचलली आणि कान तुटलेल्या कपातल्या मातीत बोटानं खुपसली. "लिंबू धरलं की उठव मला," म्हणाले आणि कूस बदलली. कोंब आला तो ते गेल्यावर आठ दिवसांनी.

ते रोप मावशीनं खिडकीत वाढवलं, कपातून कुंडीत नेलं. मग समोर सात मजली इमारत उभी राहिली आणि खिडकीतलं ऊन तिनं गिळलं. पानं पिवळी पडून गळायला लागली. मावशी फोनवर मला आकडे सांगायची. एकतीस. सव्वीस. एकोणीस. आम्ही कुणी आजारी पडलो तरी ती इतकी चौकशी करत नाही.

अकरावर आल्यावर तिनं सोल्डरिंग आयर्न बाहेर काढलं. मोडक्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, तिच्यावर टूथपेस्टसारखी पांढरी पेस्ट लावून उन्हाऐवजी एलईडी बसवले. चार तांबडे, एक निळा, पुन्हा चार तांबडे. दिवा किती उंच टांगायचा हे तिनं हातानं ठरवलं. पानाच्या जागी पालथा हात धरायचा, ऊब लागली की दिवा वर घ्यायचा. सगळं तिनं केलं. फक्त भिंतीतला बोर्ड जोडायला मला बोलावलं.

दिवा लागला आणि खोली जांभळी झाली. शेजारचा शिंपी दारात येऊन डोकावला. "मावशी, काय पिकवताय?"

"माणसं. तुम्ही जरा कच्चे राहिलात, या आत."

तीन आठवड्यांत नवी पानं आली. मी माझ्या गावी परतलो, आणि माझ्या हुशारीचा विषय दोनचार ठिकाणी काढलासुद्धा.

दोन महिन्यांनी गेलो तर कुंडीपाशी दोन खुर्च्या. एक मावशीची. दुसरीवर काकांची शाल, नीट घडी घालून.

"कोणी येतं का?" मी विचारलं.

"बस. आठ वाजू देत."

आठला तिनं बटण बंद केलं. झाडालाही झोप लागते, असं तिचं म्हणणं. खोली काळोखली, पण दिवा पुरता गेला नाही. पट्टीवरचा एकेक एलईडी मंद उरला, राखेतल्या निखाऱ्यासारखा. डोळे मिटून पडलेला माणूस जागा आहे हे जसं कळतं, तसं काहीतरी त्या खोलीत होतं. मला कारण कळायला दोन सेकंद लागले. कारण कळल्यावरही मी दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं नाही.

"रोज असतात," मावशी म्हणाली. मीठ संपलंय हे सांगावं त्या आवाजात. "मी दिवसभराचं सांगते. परवा लादी पुसून झाली, पानं पुसत होते, तर पट्टीला हात लागला. मुंग्या आल्या रे, कोपरापर्यंत. हात धरल्यासारखं."

"तू तपासलं नाहीस?"

"भिंतीतून येतंय ते. ते माझं खातं नाही."

उभ्या आयुष्यात तिनं न तपासलेली ही एकच गोष्ट, आणि ती नेमकी माझी. ओली लादी, अनवाणी पाय, हातात पाण्याचं भांडं. आज मुंग्या होत्या. गप्प बसलो असतो तर तिला काका राहिले असते आणि एखाद्या दिवशी आम्हाला मावशी राहिली नसती.

"मावशी, ते काका नाहीत. तो मी आहे."

"म्हणजे?"

"बटणात चुकीची वायर घातली मी. बंद केलं तरी वीज दिव्यापर्यंत येऊन..."

वाक्य पुरं व्हायच्या आत तिला कळलं होतं. काळोखात तिचा आवाज तेवढा आला. "अर्थिंग?"

"तिची वायर पोचत नव्हती. टेप लावून मागे सारली."

"पहिला वर्ग," ती म्हणाली.

मग तिची खुर्ची माझ्याकडे वळल्याचा आवाज आला.

"दोन महिने मी तुझ्याशी बोलत होते म्हणजे. काय काय बोलले असेन."

"मी काही ऐकलं नाही, मावशी."

"तेही ऐकत नसत."

मेन बंद केला. तिनं बॅटरी धरली, टेस्टर माझ्या हातात दिला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा वाकून भिंतीच्या आत बघितलं. मी वायरी बदलल्या, अर्थिंगला तुकडा जोडून ती बसवली. मेन लावला. बटण चालू, खोली जांभळी. बटण बंद, आणि यावेळी काळोख सगळीकडून सारखा आला.

मावशीनं पट्टीवर तळहात ठेवला. ठेवूनच राहिली.

"काही नाही," ती म्हणाली. कारखान्यात माल पास करताना म्हणत असेल तसं.

निघताना तिनं मला दारात थांबवलं. शाल तिच्या हातात होती, कुठे ठेवावी हे ठरत नसल्यासारखी.

"तू माझं एक काढून नेलंस. त्याच्या बदली एक छोटा दिवा दे करून. बंद केल्यावर पुरता न जाणारा. झटका नको, बाकी तसाच."

"अगं, तू माझ्यापेक्षा चांगला करशील."

"माझ्या हातचा मला कळेल ना. आणि कसा केलास ते सांगू नकोस."

याला पाच महिने झाले. झाड वाढतंय, पट्टी दोनदा वर घ्यावी लागली. त्या दिव्याचं काम दहा मिनिटांचं आहे, सामान माझ्या टेबलावर पडलंय. चुकून केलं तेव्हा हात एकदाही अडला नाही. तेच समजून उमजून करायचं म्हटलं की मी सोल्डरिंग आयर्न तापवतो आणि तसंच थंड होऊ देतो.

रविवारी मावशीचा फोन येतो. "झाला का?"

"एक पार्ट मिळत नाहीये."

"कोणता?" असं ती विचारत नाही. तिच्या घरी त्याचा डबाभर साठा आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.