सदरा मात्र स्वच्छ होता

यावलला माहेरी गेले की आबा ओट्यावर बसलेले दिसणार आणि त्यांच्या हातांवर केळीच्या चिकाचे काळपट डाग असणार, हे ठरलेलंच. केळीवाल्यांच्या घरात या डागांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे या खेपेला ते दंडापर्यंत चढलेले दिसले, तरी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आई रोज लिंबू चोळत होती आणि निघत नाहीत म्हणून चिकालाच शिव्या घालत होती.

पाण्याचा तांब्या देताना माझं लक्ष आबांच्या सदऱ्याकडे गेलं. पांढराशुभ्र! केळीच्या बागेत जाऊन सदरा असा राहतो कधी?

"आबा, बागेत कधी गेला होतात?"

"गुडघा दुखू राह्यला ना. लय दिस झाले, गेलोच नाही."

मी त्यांची बाही वर सारून डाग उजेडात बघितले. आबांच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. हे डाग चिकाचे नव्हतेच. कातडीखाली रक्त साकळलं होतं.

तसेच उठून जळगाव गाठलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. ते प्रमाणाबाहेर पातळ झालं होतं.

"आणखी काही घेता का?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," आबा ठणकावून म्हणाले.

मी औषधांची पिशवी टेबलावर उलटी केली. त्यातून ई जीवनसत्त्वाच्या जोरदार गोळ्यांची बाटली निघाली. देवपूरच्या जावयाने, म्हणजे माझ्याच नवऱ्याने, ताकद येईल म्हणून कौतुकाने आणून दिलेली.

"त्या काय दवाई हायेत? जावायानं आनेल हायेत. नाही कसं म्हनू?"

जावयाचा मान राखायला जिवावर उदार! मला रडावं की हसावं कळेना.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बरं झालं वेळेत आलात. ही बाटली बंद, हिनेच रक्त आणखी पातळ झालं. रक्ताच्या गोळीचं मी सांगतो, ती मात्र मनाने सोडायची नाही. आणि ताकदीचं काहीही घेण्याआधी मला विचारायचं." माझा जीव भांड्यात पडला. आबांना काळजी एकच, जावयाला वाईट वाटेल. जावयाने त्याच संध्याकाळी फोनवर त्यांची दहादा माफी मागितली.

मग तपासण्या झाल्या, डाग हिरवे-पिवळे होत विरले, गुडघाही निवला. परवा आईचा फोन आला, नुसती करवादत होती. "तुझ्या आबांनी बागेत जाऊन नव्या सदऱ्याचा पार सत्यानाश केला!"

"हात कसे आहेत?"

"लिंबू चोळलं, हात स्वच्छ निघाले. मी सदऱ्याचं सांगू राह्यली!"

मला हसू आवरेना, आणि डोळे भरून आले. म्हटलं, "आई, होऊ दे सत्यानाश. मी दुसरा आणते."