जिवंत लेखकांची बाई

“मेलेल्यांना वाचायला सगळं जग आहे काकू, मी जिवंतांचं वाचते,” असं म्हणत ती माझ्यापुढची वालाच्या शेंगांची परात स्वतःकडे ओढून घ्यायची. इथे तेलुगू मुलखात, नल्लकुंट्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. बाप नांदेडकडून आलेला, रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूरच. आणि लेक विद्यापीठात जर्मन साहित्य शिकवायची, तेही आजकालचं, ताजं. “आपल्याला जर्मन कशाला गं?” असं कोणी विचारलं, की म्हणायची, “इडली खाताना विचारता का, आपली की त्यांची?”

शेंगा सोलता सोलता ती नवी कादंबरी मराठीत सांगायची. शेजारच्या आपा येऊन बसल्या की गाडी दखनी उर्दूत वळायची. आम्हाला ती माणसं आमच्या गल्लीतलीच वाटायची, खोटं कशाला सांगू!

राज्याची वाटणी नुकतीच झालेली. विद्यापीठातही विभागांची जोडाजोड निघाली. तिचे वरिष्ठ म्हणाले, भाषा ठेवू, पोरांना नोकरीला कामी येते. साहित्याचा वर्ग बंद. ऐकायला येतं कोण?

“येतील की,” ती म्हणाली.

त्याच सुमारास तिकडची एक लेखिका व्याख्यानाला आली; तिची कादंबरी आम्ही शेंगा सोलताना ऐकलेली. हिनं आम्हा सगळ्या बायकांना नेऊन विद्यार्थ्यांमध्ये बसवलं. व्याख्यान संपलं. तेवढ्यात आपा उठल्या. “बेटी बुढी माँ को अकेली छोड के चली गई. आप रोके नै?”

मीही म्हटलं, “हो ना! निदान शेजार तरी बरा द्यायचा म्हातारीला!”

हिनं ते जर्मनमध्ये सांगितलं. लेखिका काहीतरी बोलली. हिनं हसू दाबत सांगितलं, “म्हणतात, मी खूप अडवलं, पण ती पोरगी ऐकेना.”

“हमारी भी नै सुनती अम्मा!” आपा ओरडल्या. झालं! आदिलाबादचा एक विद्यार्थी मुलीच्या बाजूनं उभा राहिला, आणि वरिष्ठ चक्क म्हातारीच्या बाजूनं भांडायला लागले. चहा गार झाला तरी कोणी उठेना.

वर्ग वाचला, पण एका वर्षापुरता.

“एकच वर्ष?” मी म्हटलं.

“काकू, वर्षभरात तिकडे किती नवी पुस्तकं निघतात, कल्पना आहे का?”

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दरवेळी भांडून एकेक वर्ष मिळवत ती निवृत्त झाली. वर्ग तिच्या विद्यार्थिनीकडे गेला.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. वर आता एक नोकरदार जोडपं राहतं. दोघंही गुणी आहेत, पण घरात सापडतील तर शपथ.

मला आठवते ती निवृत्तीनंतरची एक दुपार. त्या विद्यार्थिनीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून आली होती. घामाघूम, चपला हातात, आणि चेहरा असा, की जणू पोटची पोरगी पहिली आलीय.

“काकू, तिनं आज मी न वाचलेलं पुस्तक शिकवलं! मला निम्मं कळलंसुद्धा नाही!”

आणि पाणीही न पिता, कळलेलं निम्मं मला सांगायला बसली.