मातीत उठलेली मूठ

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शेतात पपई खायची झाली तरी ती स्वतःच्याच चाकूने कापायचे. खिशातून घडीचा चाकू निघायचा, नखाने पातं उघडायचं, खट्ट वाजलं की पहिली फोड. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पातं, शिसवाची मूठ, पितळी रिबीट. गावातल्याच लोहाराने तो घडवला होता. आमच्याकडे चाकू या हातातून त्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. मला मात्र आबांनी तो खाली ठेवूनही कधी दिला नाही. मागितला की म्हणायचे, "तुन्हं काम नही शे."

मागच्या हिवाळ्यात लकव्याने त्यांचा उजवा हात गेला. जेवण घशाखाली उतरेना, पपई तेवढी चालायची. पण चाकू उघडायला दोन हात लागतात. आई फोडी करून ताटली पुढे ठेवायची आणि हे भिंतीकडे तोंड फिरवायचे. दुसऱ्याने कापलेलं खाणार नाहीत म्हणजे नाहीत! दिवसेंदिवस वाळत चालले. हा माणूस हट्टापायी जाणार, याची मला धास्ती बसली.

मी चाकू घेऊन लोहाराकडे गेलो. म्हातारा आता मुलाच्या ग्रिलच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात बसतो. एका डाव्या हाताने उघडेल असा करून द्या, म्हणालो. त्याने पातं कानाशी धरून दोनदा उघडलं, मिटलं.

"पातं हाईच ऱ्हाऊ दे. मूठ नवी करस. पन मूठ त्यानी जोयजे," तो म्हणाला आणि ओल्या चिकणमातीचा गोळा गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे दिला. ज्याचा चाकू त्यानेच गोळा आवळायचा, बोटांच्या खाचा उठतात, त्याबरहुकूम लाकूड कोरायचं, ही त्याची रीत. पातं लोटायच्या गुंडीची जागासुद्धा तो त्याच मातीवर अंगठा बघून ठरवतो.

घरी आबांनी गोळा भिरकावला. "मी काय ल्हाना पोऱ्या शे का, मातीसंगे खेयाले?"

असा राग आला मला! एवढी धावपळ करावी आणि हे असं? गोळा उचलून मी ओसरीवर आलो आणि तो माझ्याच डाव्या मुठीत करकचून आवळला. बापाचाच तर हात आहे, असा कितीसा फरक पडणार?

"आबानी मूठ शे ना?" परत नेलेला गोळा हातात घेत लोहाराने विचारलं.

"हो," मी म्हणालो. चक्क खोटं.

चार दिवसांनी चाकू तयार झाला. मूठ मातीशी ताडून ताडून कोरलेली, तेल पाजून काळीभोर केलेली. नखाच्या खाचेऐवजी पात्यावर पितळी गुंडी होती, अंगठ्याने लोटायची. पातं दाबून धरणारी मुठीतली कमानही त्याने नरम केली होती. काम असं की बघत राहावं.

घरी येऊन मी चाकू आबांच्या गोधडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने उचलला. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू दिसलं. अंगठा गुंडीकडे सरकला, पण पोचेना. त्यांनी मूठ पुढे सरकवून पाहिली, पुन्हा अंगठा ताणला. दुखण्याने त्यांचा डावा हातही पार आकसला होता, आणि मी तो नीट पाहिलासुद्धा नव्हता. मग ते मुठीतल्या खाचा एकेक करून चाचपू लागले.

"हाऊ हात कोना शे?"

"मन्हा," मी म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता शिव्या येणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. शिव्या आल्या नाहीत. आबांनी चाकू गोधडीवर ठेवला.

"उचल."

मी उचलला. मूठ हातात अशी बसली की मला रडूच आलं. अंगठा आपोआप गुंडीवर गेला. खट्ट.

"आते काप."

मी पपई कापली. आबांनी भिंतीकडे पाहिलं नाही, तोंड उघडलं. एक फोड भरवली, मग दुसरी, तिसरी. आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

मी पातं पुसून चाकू मिटला आणि रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे गोधडीवर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.