बाळकृष्णरावांची किंकाळी

तंजावुरात बाळकृष्णरावांच्या किंकाळीविषयी बऱ्याच कथा सांगितल्या जातात, आणि त्या सगळ्याच खऱ्या मानण्याचे कारण नाही. किंकाळीसरशी थिएटरच्या छतावरची कबुतरे उडाली म्हणतात. पण हे सांगणारे सगळेच त्या वेळी आत बसलेले होते. मात्र एवढे निश्चित, की पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या दारांवर देखरेख करण्यात हयात घालवलेला हा गंभीर गृहस्थ रहस्यपटात दचकला की असा ओरडे, की पाठोपाठ सारे थिएटर ओरडे आणि मग पोट धरधरून हसे. कँटीनवाला एकोजी तर त्यांना येताना पाहताच जादा मुरुक्कू, म्हणजे तांदळाच्या चकल्या, मांडून ठेवी. किंकाळीसरशी लोकांच्या हातातले पुडे सांडत आणि मध्यंतरात नवे खपत.

रावांना याची लाज नव्हती. भय कसे रचतात, हे त्यांना पुरते ठाऊक होते. चौकटीची एक बाजू रिकामी ठेवली, की तेथे कोणीतरी येणार. संगीत मध्येच थांबले, की काहीतरी आदळणार. "पाणी दाराशी तुंबवायचं, आणि माणूस जरा बेसावध झाला की दार उचलायचं," असे ते समजावून सांगत. सारे ठाऊक असूनही ते दचकत, आणि त्यांचा आनंद नेमका त्यातच होता.

पुढे त्यांच्या हृदयात स्टेंट बसला आणि पत्नी कृष्णवेणीबाईंनी कारभार हाती घेतला. नवा रहस्यपट लागला की त्या आधी शेजारणीबरोबर पाहून येत. मग रावांना नेत, आणि धक्का येण्याच्या क्षणभर आधी त्यांचे मनगट दाबत. इशारा कधी चुकला नाही. राव ओठ मिटून बसत. धक्का येई आणि मुकाट्याने निघून जाई.

"राव सार, तुम्ही गप्प झालात आणि माझे मुरुक्कू मऊ पडू लागले," एकोजी कुरकुरे.

"मग बोल माझ्या बायकोशी."

"अय्यो, मला अजून जगायचंय, सार!"

अशात त्यांची नात नंदिता चेन्नईहून आली. तिने पहिलाच चित्रपट केला होता, छोटासा रहस्यपट, आणि रविवारी सकाळी तो त्याच थिएटरात दाखवायचा होता. दोन दिवस ती ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आजीच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून होती. रावांना त्याचे नवल वाटले नाही. तंजावुरी मराठी टिपून घ्यायला पुण्याकडची माणसे येतच असतात. आता नातीलाही ते वेड लागले असेल.

त्यांनी तिला एकटीला गाठले. "नंदू, आजीला आधी दाखवू नकोस. मला एकदा खरोखर दचकायचंय. तेही तुझ्या चित्रपटात."

"आणि डॉक्टर?"

"त्यांनी मेदुवडा बंद केलाय. भीती नव्हे."

नंदिता नखांकडे पाहू लागली. "आजोबा, आजीनं पाहिला की."

रविवारी राव रुसूनच निघाले. थिएटरात बसताच ते म्हणाले, "आज तरी तुझा हात तुझ्यापाशी ठेव."

"हात माझा. कोठे ठेवायचा ते मी पाहीन," कृष्णवेणीबाईंनी मोगऱ्याचा गजरा सावरत उत्तर दिले आणि मनगट धरले.

पडद्यावर दुपारचे घर होते. एक बाई भात लावून कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. मागच्या दाराशी कोणाच्या तरी ओल्या चपला प्रेक्षकांना दिसत होत्या. तिला दिसत नव्हत्या. एक शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी येईना. बाई कपाटाकडे गेली. तिने मुठीवर हात ठेवला, आणि रावांचे मनगट दाबले गेले.

संपले सारे! त्यांनी निमूटपणे दात आवळले. कपाट उघडले. आत घडी घातलेल्या साड्या होत्या. दुसरे काही नव्हते.

इतक्या वर्षांत प्रथमच इशारा चुकला होता. रावांचा रुसवा पळाला, त्यांना बायकोची कणव आली. वय झाले बिचारीचे. ते तिच्याकडे वळून कुजबुजले, "वेणी, चुकलीस ग—"

तिसरी शिट्टी झाली.

"अय्योऽऽऽ!"

त्या क्षणी पडद्यावर काय दिसले, ते रावांना कधीच सांगता आले नाही. सारे थिएटर ओरडले, मुरुक्कूंचा पाऊस पडला, आणि मग हशा उसळला तो थांबेना. दाराशी एकोजी हात जोडून उभा होता. पहिल्या रांगेतली नंदिता स्वतःच्या चित्रपटाकडे पाठ करून आजोबांकडे पाहत टाळ्या पिटत होती.

राव हसता हसता धापा टाकत होते. "ती शिट्टी... आपल्याच कुकरची?"

"मग काय दुसऱ्याची?"

"आणि इशारा? तो मुद्दाम?"

कृष्णवेणीबाईंची बोटे अजून मनगटावरच होती. त्या नाडी पाहत होत्या.

"डॉक्टरांना विचारूनच," त्या म्हणाल्या. "आता गप्प पुढे पाहा. चपला कोणाच्या, ते अजून कळायचे आहे."